परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे आयुष्य घरसंसारात गेले. पण माझी थोरली मुलगी जर्मनीत शिकायला गेल्यापासून मंडळातल्या पुष्कळजणी मला विचारतात, "बॅगेत काय काय भरून दिलंत?" म्हणून चिटणीसबाईंनी मला आज उभे केले आहे. बॅगेचे सांगतेच, पण ती तयारी सर्वांत शेवटची. पहिली तयारी पैशाची, आणि ती घरच्या बाईला ठाऊक असलीच पाहिजे.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरे. पण फी नसली तरी पोट असतेच. व्हिसा मागताना वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी एका बंद खात्यात भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. वाण्याचे, दुधाचे, भाड्याचे पैसे आपण निरनिराळ्या डब्यांत ठेवतो, तसलाच हा प्रकार. शिवाय दाखले तपासून घेण्याचा खर्च, आरोग्याचा विमा, विमानाचे तिकीट हे वेगळेच.

एवढी शिल्लक आमच्याकडे कुठली? कर्ज काढायचे ठरले. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे असले, की सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. आमचे तारण म्हणजे राहते घर, आणि त्यावर माझेही नाव. मधला माणूस म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त सही करा." मी म्हटले, "आधी समजावून सांगा." त्याला सवड नव्हती. शेवटी मुलीनेच दोन संध्याकाळी बसून तो इंग्रजी कागद मला मराठीत सांगितला. तेव्हा कळले, की हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पैसे उचलल्यापासूनच चढू लागते. धाकट्या मुलालाही जवळ बसवून हे सांगितले, कारण घर त्याचेही आहे. व्याज दरमहा भरत जायचे ठरले, आणि त्यासाठी मी शिवणकाम वाढवले. "तिथे काम करून फेडीन," असे मुले म्हणतात. पण विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येते, आणि अभ्यासही असतो. ती कमाई आधीच हिशोबात धरू नये.

दुसरी तयारी मुलांची स्वतःची. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. जाण्यापूर्वी कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला भरसभेत उभे राहून आपण का जातो, हे त्यांनी स्वतः सांगितले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पण प्रकृती ढासळली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. का जायचे, हे मुलीला स्वतःच्या तोंडाने सांगता आले पाहिजे. शेजारची गेली, हे कारण नव्हे. आणि प्रकृती आधी, पदवी मागून. मुलगी असो वा मुलगा, वरण-भात, भाजी, पोळी, कपडे आणि रोजचा जमाखर्च आला पाहिजे. डिसेंबरात तिथे चार वाजताच अंधारू लागते. आपल्याकडे तेव्हा साडेआठ झालेले असतात. त्या वेळी ताटावर बसलेल्या पोराचा फोन आला, की "काय जेवलास?" हे आधी विचारावे, गुण मागाहून.

आता बॅग. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, डाळी, लहानसा कुकर द्यावा. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्यावीत. पण तूप, पेढे, बर्फी देऊ नका. बाहेरून येणाऱ्याने दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे बंदी आहे. प्रेमाने भरलेला डबा विमानतळावर काढून घेतात. आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून पोचल्या दिवसाचा शिधा हाताशी असावा.

भगिनींनो, मुलांना अवश्य पाठवा. पण ज्या कागदावर आपले घर लिहिलेले आहे, तो समजल्याशिवाय सही करू नका. विचारण्यात अविश्वास नाही, आणि सातवी शिकलेल्या बाईलाही विचारण्याचा हक्क आहे. कुणाला कागद समजून घ्यायचा असेल, तर दुपारी माझ्याकडे या. दोघी मिळून वाचू.