तिसऱ्यांदा काहून तुटलं?

नांदुऱ्यातून बोलतोय. मध्येच भोंगा ऐकू आला तर समजून घ्या, मुंबई-हावडा लाइन जवळच आहे.

आमच्या कबड्डी संघातल्या एका मित्राचं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, चढाईत तुटलं. मांडीमागचा स्नायुबंध काढून नवीन लिगामेंट बसवलं. दीड वर्षानं तेही तुटलं. पुन्हा ऑपरेशन. अन् मागच्या महिन्यात नुसता वळला, तर तिसऱ्यांदा! गावात एकच चर्चा, यानं घाई केली असेल. तो मला म्हणे, "माह्यंच काहून तुटते बे?"

आता मी काही डॉक्टर नाही. पण वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट सापडली, ती हाडाची आहे.

नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, तो सपाट नसतो. मागच्या बाजूला उतरता असतो. बहुतेकांचा उतार ७ ते १० अंशांच्या आसपास. उतार जास्त असला की पायावर वजन पडताच मांडीचं हाड मागं घसरतं आणि नडगी पुढं सरकते. तिला रोखायचं काम एसीएलचं. उतारावर बाईक फक्त ब्रेकवर धरून ठेवली तर तारेवर जसा सारखा ताण येतो, तसंच. तार दोनदा बदलली, उतार तोच राहिला! १२ अंशांच्या वर उतार असेल तर पुन्हा तुटायचा धोका बराच वाढतो, असं अभ्यासांत दिसलंय.

गंमत म्हणजे, हा कोन मोजायला महागडी मशीन लागत नाही. बाजूनं काढलेला साधा एक्स-रे पुरतो. फक्त त्यात नडगीचा बराचसा भाग आला पाहिजे. मित्राच्या फायलीत एमआरआय तीन, असा एक्स-रे एकही नाही.

उतार खरंच जास्त निघाला तर नडगीच्या पुढून हाडाची पाचर काढून तो कमी करता येतो. ऑस्टिओटॉमी म्हणतात त्याला. मोठं ऑपरेशन आहे, हाड जुळायला महिने जातात, म्हणून पहिल्याच वेळी सहसा कुणी सुचवत नाही. आणि सगळा दोष उताराचाच असतो असंही नाही. हाडात पाडलेलं छिद्र चुकीच्या जागी असू शकतं, गादी फाटलेली असू शकते. घाईचंही खरंच आहे: ९ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा जास्त वेळा पुन्हा दुखावतो. पण आमचा गडी पहिल्या वेळी पूर्ण वर्षभर थांबला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बुधवारी दोघं अकोल्याला जातोय. तिन्ही फायली घेऊन, आणि एकच प्रश्न घेऊन: डॉक्टर, उतार किती आहे?