भांड्यांवर नाव कुणाचं?

(महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या सत्राचा विषय 'पर्यावरण आणि आपलं घर' असा आहे. वस्तू कमी विकत घ्या, एकमेकींत वापरा, असं मी सांगावं अशी अपेक्षा असणार. पण हे तुम्हाला शिकवणारी मी कोण? वाटीभर साखर, विरजणाला चमचाभर दही, चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, बाळंतिणीची शेगडी, पाळणा, ही सगळी उसनवारी बायकांनीच आजवर चालवली. वर्षातून दोनदा लागणारं पुरणयंत्र वीस घरांत वीस कशाला, हे कळायला आपल्याला कुठल्या परिषदेची गरज पडली नाही. वाटी घेऊन शेजारच्या दारात उभी राहते ती बाईच, आणि 'यांच्याकडे कधी काही असतंच कुठे' हे ऐकून घेते तीही बाईच.

म्हणून मला उसनवारीचं नुसतं कौतुक करायचं नाही. ती कुणाच्या कष्टांवर चालते आणि कुणाच्या दारापाशी येऊन थांबते, यावर बोलायचं आहे.

घरी गेल्यावर एखाद्या स्टीलच्या पातेल्यावर कोरलेलं नाव वाचा. सासऱ्यांचं असेल, नवऱ्याचं असेल, नाहीतर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. घासणारणीचं नाव क्वचित, आणि असलंच तर 'सौ.' लावून, मध्ये नवऱ्याचं घालून. एखादी शेजारीण 'ह्यांना विचारून सांगते' म्हणते तेव्हा ती कंजूस असते असं नाही. वस्तू रोज हाताळते ती, पण द्यायचा अधिकार तिच्याकडे नसतो. मालकीचा प्रश्न आपण जमिनीच्या सातबाऱ्यावर घेतो. तो पातेल्यावरही आहे.

मी काम करते त्या वस्तीत हा विषय थर्माकोलमुळे निघाला. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिक-थर्माकोलच्या, एकदाच वापरून टाकायच्या ताटवाट्यांवर बंदी आणणारी अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभरही अशा प्लास्टिकच्या ताटांवर, पेल्यांवर बंदी आली. ठीकच झालं, वस्तीतलं गटार दर लग्नसराईत त्यानंच तुंबायचं. पण बारशाला, दहाव्याला शंभर माणसांना वाढायचं कशात? मांडववाल्याचं भाडं परवडेना. तेव्हा बचत गटातल्या बायांनी सामाईक भांडी घ्यायची ठरवली. १०० ताटं, २०० वाट्या, १०० पेले, दोन मोठी पातेली, झारे, डाव, सतरंज्या आणि एक शिडी. शिडी का, तर पावसाळ्यात पत्र्यावर ताडपत्री टाकायला प्रत्येकीला लागते आणि घरात ठेवायला जागा कुणाकडेच नसते.

वस्तीतल्या एका पुढाऱ्यानं निम्मे पैसे देऊ केले. अट एकच, भांड्यांवर त्याचं नाव हवं. तीन बैठका यावर गेल्या. ज्यांना महिन्याचा हप्ता भरतानाच जीव नकोसा होतो, त्यांना ही रक्कम नाकारणं सोपं नव्हतं, आणि 'घ्या की, नावानं काय होतंय' म्हणणाऱ्यांना मी चूक ठरवणार नाही. पण त्याच्या नावाची भांडी निवडणुकीच्या जेवणावळीला आधी जातील, हे एका आजींनी बरोबर ओळखलं. शेवटी भांडी थोडी उशिरा आली आणि त्यांवर फक्त गटाचं नाव कोरलं.

खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात झाली. बौद्ध गल्लीतल्या एका घरी नामकरणाला भांडी गेली. जेवण मटणाचं होतं. भांडी परत आल्यावर दोघीतिघी म्हणाल्या, "मटणाची ताटं वेगळी ठेवू या. आमच्या सत्यनारायणाला ती कशी चालतील?" बोलण्यात जातीचं नाव कुठेही नव्हतं. पण आदल्याच महिन्यात दुसऱ्या गल्लीत जावळाचं मटण याच ताटांत वाढलं होतं, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

नागरी हक्क संरक्षणाच्या १९५५ च्या कायद्यात हॉटेल, धर्मशाळा अशा ठिकाणी लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा वेगळा उल्लेख आहे. अस्पृश्यतेपोटी ती वापरू न देणं हा गुन्हा आहे. कायद्यात भांडी लिहावी लागली, एवढी जात भांड्यात आहे. 'पूर्वी गावात सगळं वाटून घ्यायचे' असं सांगणाऱ्यांनी हे विसरू नये. देवळातली गावकीची भांडी कुणाला मिळत होती आणि विहाराला आपली वेगळी का जमवावी लागली, हे त्यांनी विचारावं.

बैठकीत त्या गल्लीतली बाई उठली आणि एवढंच म्हणाली, "माझा हप्ता तुमच्याच डब्यात पडतो. तो वेगळा काढता का?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं की ताटांचा ढीग एकच राहील, खूण करायची नाही, वरची ताटं पहिल्या मागणाराला. दोघींनी गट सोडला. एक अजून गटात आहे, पण घरच्या पूजेला कागदी पत्रावळीच आणते. तिच्या घरचा कचरा पर्यावरणाच्या कुठल्या रकान्यात मांडायचा, ते तुम्हीच ठरवा.

आता कष्टांचं. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीप्रमाणे दिवसभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण शंभरात २६ होतं, बायांचं ८१. हे काम करणाऱ्या बाईचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. सामाईक भांड्यांनी कचरा कमी होतो, पण घासणं, मोजणं, हरवलेल्या वाटीसाठी भांडणं हे त्या २९९ मध्ये आणखी वाढतं. थर्माकोल फेकून देताना कुणाची कंबर दुखत नव्हती. पर्यावरणवाल्या मंडळींनी हे आपल्याशी बोललं पाहिजे. ते बोलत नाहीत.

आमच्या रजिस्टरात म्हणून 'परत कोण आणणार' असा रकाना आहे आणि घरात पुरुष असेल तर त्याचंच नाव लिहायचं असा नियम. घासून, मोजून, त्यानं सही करायची. निम्म्या घरांतून तरी पुरुष येतात, कुरकुरत. उरलेल्या घरांतून अजून पोरगीच हातगाडी ढकलत येते. मग त्या घराचे अनामतीतले पन्नास रुपये कापतो. यावर वाद चालू आहे, कारण ते पन्नास रुपये शेवटी बाईच्याच डब्यातून जातात.

संक्रांतीच्या वाणाचंही असंच. घरोघरी जमणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्यांऐवजी दोन वर्षं वाणाचे पैसे एकत्र करून मोठा कुकर घेतला. त्यात विधवा बायांचेही पैसे आले. हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नव्हतं, कुकरला अडचण आली नाही.

रजिस्टरची कोरी प्रत मागच्या टेबलावर ठेवली आहे. अनामत किती हे तुमच्या वस्तीप्रमाणे ठरवा. आणि दंड बाईवर न पडता पुरुषावर कसा पडेल, यावर कुणाला काही सुचलं असेल तर जेवणाच्या सुट्टीत भेटा.