लग्नाची यादी

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोल्हापूरकडील घरांत लग्न जमले म्हणजे ‘यादी’ होते. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात. कोणी काय द्यावयाचे, कार्याचा खर्च कोणी उचलावयाचा, मानपान कोणाकोणाचे, हे कागदावर उतरते. अशा बैठकीत एखादा व्यवहारी मामा म्हणतो, ‘सारे जमलेच आहोत, तर अक्षताही आजच टाकून घेऊ.’ मग ‘यादी पे शादी’ झाल्याची वार्ता गावभर पसरते. पन्नास-साठ माणसे, एकच स्वयंपाक, आणि संध्याकाळी पाहुणे आपापल्या घरी. थोडक्या माणसांतील लग्न ही पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनी काढलेली चाल आहे, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. आपल्याच भागात तिची पायवाट आहे. प्रश्न आहे तो त्या पन्नास जणांत कोण असतात, हा.

तेथे जाण्यापूर्वी पैशाचा विचार केला पाहिजे. लग्नात उधळपट्टी करून शेतकरी बुडतो, हे वाक्य दीडशे वर्षे बोलले जात आहे, आणि बहुधा ते शेतकऱ्याला बुडविणाऱ्यांच्याच तोंडी असते. १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेदेखील, कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असा अभिप्राय दिला होता. सारा, व्याज आणि बेभरवशाचे पीक यांचे पाप मांडवावर ढकलणे सोयीचे होते. उसाचा दर, खताची किंमत आणि मुलांच्या शिक्षणाची फी यांविषयी मौन पाळून शेतकऱ्याला काटकसरीचे धडे देणाऱ्यांपासून कार्यकर्त्याने आजही चार हात दूर राहावे.

परंतु म्हणून मांडव निर्दोष ठरत नाही. करवीर किंवा कागल तालुक्यातील दीड एकर ऊस असणारे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मुलीच्या लग्नासाठी सोसायटीचे पीककर्ज मांडवात जाते, कारखान्याचे बिल हाती येण्याआधीच खर्ची पडते, आणि उरलेली गरज भागवावयास हातउसने किंवा खासगी सावकार यांखेरीज मार्ग राहत नाही. हा बाप अविचारी असतो काय? त्याच्या घरातील आहेराची वही पाहावी. वीस वर्षांत त्याने कोणाकडे काय नेले व त्याच्याकडे कोणी काय आणले, याची नोंद तीत असते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा बिनव्याजी परस्पर कर्जाचा हिशेबच होय. ज्यांच्या पंगतीला तो सहकुटुंब जेवला, त्यांना आपल्या पंगतीला न बोलावणे म्हणजे त्याच्या दृष्टीने देणे बुडविणे. ‘साधेपणाने करा’ एवढे सांगून मोटारसायकलला किक मारणारा कार्यकर्ता त्याला गावात दिवाळखोर ठरवून जात असतो. ही वही एकट्याने बंद करता येत नाही. गल्लीने, भावकीने, गावाने मिळून एका दिवशी बंद करावी लागते.

करोनाच्या काळात ती सरकारी हुकमाने बंद झाली. २०२० साली लग्नास पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ च्या आदेशाने ती पंचवीसवर आणली. दोन तासांत, एकाच सभागृहात कार्य उरकावयाचे आणि नियम मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड. बंधन सर्वांवर सारखे असल्याने कोणाचाच मान गेला नाही, आणि अनेक बापांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्याच दिवसांत वाजंत्री, मांडववाले, आचारी, वाढपी यांच्या चुली थंडावल्या, हेही नमूद केले पाहिजे. त्यांचा विचार न करता लग्नखर्चाला सरसकट उधळपट्टी म्हणणे हे अर्धे अर्थशास्त्र झाले. पुढे बंधन उठले आणि पत्रिकांचे गठ्ठे पूर्ववत निघू लागले.

त्या पंचवीसांच्या यादीने मात्र एक गोष्ट उघडी केली. यादी आखडली की प्रथम कोणाचे नाव गळते? चुलते राहतात, मामे राहतात, मानाची चार घरे राहतात. गळतो तो शेतावर राबणारा गडी, पलीकडच्या वस्तीतील मुलीची मैत्रीण, कारखान्यातील सोबती. हजारांच्या पंगतीत, उशिरा आणि कडेला का होईना, त्यांचे पान मांडले जात असे. लग्न लहान झाले की ते स्वस्त होते हे खरे. पण विचार न करता लहान केले तर ते निव्वळ जातीचे लग्न होऊन बसते. (श्रीमंतांची ‘मोजक्या आप्तांची’ लग्ने तर स्वस्तही नसतात, दूरच्या राजवाड्यात दोनशे माणसांवर जो खर्च होतो त्यात आपल्याकडील अख्खा गाव जेवला असता.)

जोतीराव फुले यांनी याबाबतीत अधिक दूरवर पाहिले होते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. दक्षिणा नाही, भटजी नाही, खर्च नाममात्र. वगळला तो मध्यस्थ; माणसे वगळली नाहीत. वधूवरांनी जमलेल्या लोकांसमक्ष वचने द्यावयाची, आणि ती मराठीत, म्हणजे ऐकणाराला कळतील अशी. १८८७ साली छापलेल्या पूजाविधीतील मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न वरासमोर मांडते. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाज उभा राहिला, पौरोहित्य शिकविणारी शाळा निघाली, आणि शाहू महाराजांनी १९१९ साली संस्थानात आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली.

आज अशा विवाहांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आधार आहे: तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. या कायद्याखाली जातीबाहेर लग्न करणाऱ्यांची यादी सर्वांत लहान असते. ती दोघे, तिघे साक्षीदार आणि टेबलापलीकडे विवाह अधिकारी. ही यादी त्यांनी हौसेने लहान केलेली नसते. आईबापांनी, भावांनी आपापली नावे स्वतःच खोडलेली असतात. नोटीस फलकावर लागते त्या तीस दिवसांत गावाकडून निरोप येतात, कधी धमक्या येतात. २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, त्याचा उपयोग आहेच. पण अक्षता टाकावयास माणसे कायदा कोठून आणणार?

म्हणून कार्यकर्त्याने स्वतःच्या घरच्या कार्यात भावकीची यादी करण्याआधी, ज्यांच्याबरोबर आपण राबतो, चळवळ करतो त्यांची यादी करावी. खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. आहेर नको असेल तर पत्रिकेत छापून थांबू नये. आधी वहीतल्या माणसांच्या घरी जाऊन बोलावे. आणि नोंदणी कचेरीतील लग्नाला आपण सहकुटुंब जावे. चहा-पेढ्यांपलीकडे त्यात खर्च नाही. नोटीस लागल्यापासून त्या दोघांकडे रोज कोणी तरी जाऊन यावे, साक्षीदारांची कागदपत्रे आदल्या दिवशीच पाहून ठेवावीत, आणि त्या सकाळी मुलीच्या बाजूने उभी राहील अशी एखादी वडीलधारी बाई आधीच ठरलेली असावी.