कोयता घेताना



आज मी तुमच्या रोजच्या हातातल्या वस्तूवर बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे कोयता.

बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला, आरे वसाहतीतल्या पाड्यांत, गोराई-मनोरीच्या वाड्यांत अजून कोयता लागतो. कुणी त्याने बांबू फोडतो, कुणी कुंपणाचे काटे छाटतो, कुणी शहाळे तासतो. पूर्वी माणूस लोहाराकडे जाई आणि आपल्या हाताच्या मापाचा कोयता घडवून घेई. आता दुकानांत चकचकीत कोयते टांगलेले असतात. पाते न गंजणारे, मूठ रंगीत प्लॅस्टिकची. मग घरात वाद होतो. बाप म्हणतो, "जुनं तेच खरं." मुलगा म्हणतो, "बाबा, जग पुढं गेलं." खरे कुणाचे? चला, पाहू.

आधी घाट पाहू. कोयत्याचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे आत वळलेले असते. ते शोभेसाठी नाही, बरं का. त्या चोचीने फांदी ओढून जवळ घेता येते. जमिनीलगत तोडताना चोच आधी टेकते आणि धार दगडावर आपटत नाही. पाते टोकाकडे जड असते. त्यामुळे हात थोडा हलवला तरी घाव मोठा बसतो. उलट, ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याचे हत्यार हलके आणि पातळ धारेचे. त्याला ताडाची पोय अगदी बारीक तासायची असते. तिथे जड घाव काय कामाचा? जसे काम तसा घाट. हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या हातातून हातात आले आहे. म्हणून घाटाच्या बाबतीत बापाचे म्हणणे खरे.

आता लोखंडाकडे वळू. आपल्या शेजारची कान्हेरीची लेणी तुम्ही पाहिली असतील. शंभराहून जास्त लेणी काळ्या कातळात कोरलेली आहेत. त्या कामाला सुमारे २००० वर्षांपूर्वी सुरुवात झाली. लोखंडी छिन्नीवाचून असा कातळ फुटत नाही. आणि छिन्नी बोथट झाली की लोहारच लागतो. म्हणजे लोहाराची विद्या या डोंगराला फार जुनी आहे.

पण लोहार जुन्यालाच चिकटून बसला नाही. आज तो कोयता कशाचा करतो? बहुतेक वेळा मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा. त्या पोलादात शंभर भागांत साधारण अर्धा भाग कार्बन असतो. तेवढ्यानेच ते कडक होते आणि लवतेही. रस्त्याच्या कडेला पाल टाकणारा घिसाडी तेच करतो. त्याची बायको उभी राहून घण घालते आणि तो सांडशीत पाते फिरवतो. घाट आजोबांचा, पोलाद मोटारीचे! नवे-जुने यांचे भांडण त्याने ऐरणीवरच मिटवले.

खरी कला पाणी देण्यात आहे. पाते लाल तापवून त्याची धार पाण्यात किंवा तेलात बुडवतात. धार काचेसारखी कडक होते. तशीच ठेवली तर तुटेल. म्हणून पुन्हा थोडी ऊब देतात. घासलेल्या धारेवर पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा. लोहार तो रंग पाहून हात आवरतो. पाठ मात्र मऊच ठेवतात, कारण घावाचा धक्का तिला सोसायचा असतो.

मग न गंजणारे पोलाद वाईट का? तसे नाही. इंग्लंडातील शेफील्ड गावी १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली याने असे पोलाद तयार केले. त्यात शंभर भागांत निदान साडेदहा भाग क्रोमियम असते, म्हणून ते सहसा गंजत नाही. खाऱ्या वाऱ्यात, मासळी कापायला ते उत्तम. पण त्यातही प्रकार आहेत. ताटे-वाट्या ज्याच्या करतात, ते पोलाद कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही. सुऱ्यांचे पोलाद कडक होते, पण ते सुमारे एक हजार अंश तापवावे लागते. गावच्या भट्टीत ते नीट साधणे कठीण. म्हणून नुसत्या चकाकीवर जाऊ नका. दिसतं तसं नसतं.

मुठीचेही तसेच. लाकडी मूठ घाम शोषते, हाताला धरून राहते. पण उन्हाळ्यात सुकते आणि ढिली होते. प्लॅस्टिकची कुजत नाही, पण ओल्या हातातून निसटते. काही लोक लाकडी मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळतात. हे नवे मात्र घेण्यासारखे आहे.

कोयता घेताना चार गोष्टी पाहा. मुठीतून आलेला पात्याचा दांडा मागे वळवून ठोकला आहे का? पाते हलते का? पात्याला कुठे चीर आहे का? मग सुक्या बांबूवर चार घाव घाला. धार वळली तर पाते मऊ, तुकडा उडाला तर फाजील कडक. धार जशीच्या तशी राहिली तर पैसे द्या. ढिल्या मुठीचा कोयता एक दिवस पाते उडवतो, आणि मग बोटे जातात. बोटे गेली की मजुरी गेली.

काम झाले की पाते पुसा, तेलाचा हात फिरवा. कमरेच्या आकडीतच अडकवा, पोराबाळांच्या हाती देऊ नका. जखम झाली तर तीत माती, तंबाखू, चुना भरू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. जखम साबणाने धुवा, स्वच्छ फडके दाबून धरा आणि दवाखान्यात जाऊन सुई घ्या. आणखी एक. राष्ट्रीय उद्यानात झाडतोडीला कायद्याची बंदी आहे. कोयता आपल्या बांधावर चालवा, तिथे नको.

शेवटी एवढेच सांगतो. दुकानातला कोयता बोथट झाला, वाकला, तर दुकानदार तो भट्टीत घालून देत नाही. लोहार देतो. पण आपण त्याच्याकडे गेलोच नाही, तर त्याची भट्टी विझेल आणि त्याचा मुलगा दुसरे काम धरील. मग रंग पाहून पाणी देणारा माणूस कुठून आणाल? खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी ते घडवणाऱ्या हातांचीही आठवण ठेवा, आणि वर्षातून एकदा तरी आपला कोयता त्या हातांत द्या.