कार्ल्याचे दानलेख, पैसा फंड आणि गावची शाळा



शाळेसाठी दान मागण्याचा प्रसंग खेड्यातील शिक्षकावर वर्षातून एकदोनदा तरी येतोच. कधी पत्रे गळू लागतात, कधी पाण्याची टाकी फुटते, तर कधी पावसाळ्याच्या तोंडावर वर्गातील पाचसात मुलांपाशी छत्री नाही असे ध्यानात येते. सरकारी अनुदानाची वाट पाहावी तर पाऊस थांबत नाही. मग शिक्षक गावात निघतो. मागावे कोणाकडे, आलेले घ्यावे कसे आणि त्याची नोंद ठेवावी कशी, यासंबंधी अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत फारसे लिहिलेले नसते. मावळ तालुक्यात मात्र याविषयी पुष्कळ लिहून ठेवलेले आहे, आणि तेही खडकावर.

मळवली स्टेशनच्या उत्तरेस कार्ल्याचा डोंगर आणि दक्षिणेस भाजे आहे. मधून इंद्रायणीचे भातखाचर पसरले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरा देवीचे मंदिर असल्यामुळे मावळातील बहुतेक मुलांनी तो डोंगर चढलेला असतो. चैत्यगृह सुमारे १२४ फूट खोल आहे. आत ३७ खांब असून छताला मूळच्या लाकडी कमानी अद्याप टिकून आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मागेपुढे हे काम झाले. त्या वेळी या स्थळाला वलूरक म्हणत. मुले तेथे हत्ती पाहतात, प्रतिध्वनी ऐकतात आणि उतरतात. खांबांवर व भिंतीवर कोरलेली ब्राह्मी अक्षरे कोणी त्यांना दाखवीत नाही. आणि गंमत अशी की, ती अक्षरे म्हणजे बव्हंशी पावत्याच आहेत.

पहिली पावती मोठ्या माणसाची. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असे तिच्यात अभिमानाने सांगितले आहे. एवढेच वाचले तर हे सारे एका सावकाराच्या थैलीतून उभे राहिले असे वाटावे. परंतु बाहेरचा सिंहस्तंभ अग्निमित्रणक नावाच्या महारठीने दिलेला आहे. हत्तींचे दान इंद्रदेव नावाच्या एका वृद्ध भिक्षूचे आहे. दरवाजाचा खर्च धेनुकाकटच्या सिंहदत्ताने केला. तो गांधिक होता, सुगंधी द्रव्ये विकणारा. खांबांपैकी काही त्याच धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे परदेशातून येऊन येथे व्यापारात रुळलेल्या माणसांनी, दिले. एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धर्मपाठकाचा आहे. एक कोरीव कठडा कोडी नावाच्या भिक्षुणीने दिला. ती घुणिकाची आई होय, असे लेख सांगतो. संसार सोडून भिक्षुणी झाली तरी खडकावर ती कोणाची तरी आई म्हणून राहिली.

या लेखांत दोन गोष्टी शिक्षकाने मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. कोडीच्या कठड्याखाली तो घडविणाऱ्या नंदिकाचे नाव आहे आणि दरवाजाच्या कामापाशी वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराचे. पैसा देणारा आणि हात चालविणारा, दोघांनाही त्या भिंतीवर जागा मिळाली. आपल्याकडे शाळेच्या खोलीस ज्याने सिमेंटची पोती दिली त्याचे नाव संगमरवरी फरशीवर येते, आणि ज्याने तीन दिवस खाडा करून भिंत रचली त्याचे नाव कोठेच येत नाही. हा व्यवहार वलूरकाच्या मानाने मागासलेला म्हटला पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खांबांवर देणाऱ्याचे नाव आहे, गाव आहे, पुष्कळदा धंदा आहे. पण किंमत नाही. कोणी किती कार्षापण मोजले याचा आकडा तेथे कोरलेला नाही. गांधिकाने दरवाजा दिला, भिक्षुणीने कठडा दिला, एवढेच कळते. लहान दात्याची लाज राखणारी याहून सोपी युक्ती सापडणे कठीण.

वर्गात निधी गोळा करताना याच्या नेमके उलट घडते. ध्वजनिधी असो, पूरग्रस्तांची मदत असो, शिक्षक हजेरीपट उघडतो आणि एकेक नाव घेऊन रक्कम विचारतो. कोणी वीस रुपये म्हणतो, कोणी दहा. मग एखाद्या कातकरी वस्तीवरच्या मुलीचे नाव येते आणि ती उभी राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागते. शिक्षकाच्या मनात दुष्टावा नसतो. हिशेब चोख असावा एवढीच त्याची इच्छा असते. परंतु त्या दिवशी वर्गाने दान शिकले की दर्जा शिकला, हे त्याने मनाशी ताडून पाहावे. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही, तर जमलेल्या निधीतून ती नुकसानी भरून निघत नाही. पेटीला फट ठेवून ती मधल्या सुट्टीत कोपऱ्यात ठेवली, तर हिशेब एकूण रकमेचा राहतो आणि कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही. पैसा नको असेल तर काम घ्यावे. ज्या मुलीपाशी रुपया नाही तिला मदतीच्या गाठोड्यांच्या गाठी उत्तम मारता येतात.

लहान दात्याची अडचण सोडविण्याचा आणखी एक मार्ग याच तालुक्यात, तळेगाव दाभाडे येथे, फळास आला. अंताजी दामोदर काळे यांनी काढलेला पैसा फंड तो हाच. देशी उद्योगधंदे उभारण्यासाठी प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढीच त्याची मागणी. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. त्या काळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होत. म्हणजे एका रुपयासाठी चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा, आणि हजार रुपयांसाठी चौसष्ट हजारांपुढे. हा उद्योग वेडेपणाचा वाटावा असाच होता. परंतु वेगवेगळ्या गावांतून जमलेल्या अशा पैशांवर १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालविला. तेथे काच तयार होत असे आणि कारागीरही. तळेगावी शिकलेली माणसे पुढे इतर काचकारखान्यांत गेली. ज्या धंद्याचे शिक्षण देशात मिळणे दुर्घट होते, त्याची शाळाच एकेका पैशाने उघडली. कार्ल्यास रक्कम लिहिलीच नाही म्हणून सारे सारखे ठरले. तळेगावास सर्वांची रक्कम एकच म्हणून. वाटा निराळ्या, पण चौसष्टाव्या माणसाला मान खाली घालावी लागली नाही.

धान्याच्या बाबतीत असाच विचार सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातील मुलांसाठी घरच्या बाईने दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढावे, ही मुष्टिफंडाची रीत. पैसा नसलेल्या घरातही मूठ असते.

आता मोठ्या दात्याकडे वळावयास हरकत नाही, कारण त्याच्यावाचूनही शाळेचे चालत नाही. कार्ल्याच्या एका लेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने पावसाळ्यात वलूरकी राहणाऱ्या भिक्षूंच्या पोषणासाठी करजिक गाव दिल्याचे नोंदलेले आहे. त्याच लेखात त्याने पूर्वी तीन लक्ष गाई दिल्या, सोळा गावे दिली, लक्ष ब्राह्मणांस भोजन घातले, हेही सांगून घेतले आहे. मोठा दाता असा असतो. त्याला थोडे मिरवू द्यावे लागते. पण हाच उषवदात नाशिकच्या लेण्यात व्यवहाराचा किती पक्का दिसतो! तेथील लेखाप्रमाणे त्याने ३००० कार्षापण कायमचे ठेवले, तेही गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. एका श्रेणीकडे २००० दरमहा शेकडा एक या दराने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे.

वरच्या वर्गाच्या मुलांपुढे हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्यास २०, वर्षास २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी १२, एकूण २४०. एक कार्षापण उरत नाही व एक कमी पडत नाही. गरज आधी मोजली आणि मग तिच्या मापाने दान दिले, असा याचा अर्थ. शिवाय हे सारे नगराच्या सभेत वाचून दाखविले आणि नोंदीच्या फलकावर चढविले, हेही त्या लेखातच आहे. आजच्या शाळेत पावतीपुस्तक, जडसंग्रह नोंदवही आणि शाळा व्यवस्थापन समितीची सभा जे काम करतात, तेच हे काम. वस्तू नोंदवहीत न चढवता कपाटात ठेवली, तर बदलीच्या दिवशी ती कोणाची यावर तंटा होतो आणि दात्याचा पुढचा हात आखडतो.

नाशिकच्याच एका लेखात याहूनही उद्बोधक मजकूर आहे, पण त्याची चर्चा कमी होते. गौतमीपुत्र सातकर्णीच्या चोविसाव्या वर्षी त्याने व त्याच्या आईने गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठविली. काखडी गावातील जे शेत भिक्षूंना पूर्वी दिले होते, ते कसले जात नाही व त्या गावी वस्तीही नाही. सबब त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या जमिनीपैकी शंभर निवर्तने द्यावीत. दिलेले दान निरुपयोगी ठरले हे राजाने कबूल केले, आणि ते दगडावर कोरले गेले. याचाच अर्थ कोणीतरी ते त्याच्या कानी घातले होते. घेणारे भिक्षू होते, तरी पडीक शेत मुकाट्याने स्वीकारून ते बसले नाहीत.

शाळांना येणाऱ्या दानात काखडीची शेते थोडी नसतात. रस्त्यालगतच्या, मोटार दारापर्यंत जाणाऱ्या शाळेत एकाच महिन्यात तीन संस्था वह्या वाटून जाव्यात आणि आंदर मावळात आत वसलेल्या शाळेला एकीनेही विचारू नये, हे घडते. वीज टिकत नाही तेथे संगणक येतो. आपत्तीच्या वेळी जुन्या कपड्यांचे ढीग येतात. त्यांत बिनबटणांचे सदरे आणि लग्नसराईतले झगझगीत पोशाख असतात आणि ते निवडण्यातच माणसे थकून जातात. शिक्षक भिडेपोटी सारे घेतो, छायाचित्रास उभा राहतो, मुलांना टाळ्या वाजवायला सांगतो. त्याऐवजी दात्याला आधीच सांगावे की वह्या पुरेशा आहेत. अकरा मुलांना रेनकोट हवेत, त्यांची मापे ही अशी. हे सांगण्यात उद्धटपणा नाही. दाता मनापासून देणारा असेल तर त्याला ते आवडते. नसेल तर तो पुढच्या शाळेकडे जातो, एवढेच. आणि रेनकोट वाटताना ते घेणाऱ्या मुलांची रांग लावून छायाचित्र काढण्याची अट असेल, तर मुख्याध्यापकाने ती नाकारावी. छायाचित्र रेनकोटांच्या गठ्ठ्याचे काढता येते.

कार्ल्यास करजिक गावाची हकीकत एका लेखावर संपत नाही. नहपानाची सत्ता सातवाहनांनी मोडली. मग दुसऱ्या एका लेखात सातवाहन राजा मामाल येथील अमात्याला लिहितो की, हेच गाव वलूरकाच्या भिक्षूंना द्यावे. मामाल म्हणजे आपले मावळ. राज्य बदलले, दात्याचे घराणे शत्रूचे ठरले, तरी डोंगरावरच्यांची गरज तीच राहिली आणि तीच नोंद नव्या नावाने पुन्हा झाली. मावळ हे नाव इतक्या जुन्या काळी जेथे लिहिलेले सापडते, तो कागद युद्धाचा नव्हे, दानाचा आहे. इतिहासाच्या तासाला ही गोष्ट सांगण्यास फार वेळ लागणार नाही.

सहल नेण्याचे ठरल्यास कार्ल्याबरोबर भाजेही घ्यावे. चढ कमी आहे आणि मळवलीहून पायी जाता येते. तेथे महारठी विष्णुदत्ताने दिलेले पाण्याचे टाके आहे. आणि एका लेण्यात एक अगदी आखूड लेख आहे. बाधा नावाच्या, नांगर धरणाऱ्याच्या बायकोचे हे दान, एवढाच त्याचा मजकूर. खाली खाचरांतून आजही भाताची लावणी करणाऱ्या बायका दिसतात, त्यांच्यापैकीच ती एक असावी. लेखात तिच्या नवऱ्याचे नाव नाही, फक्त त्याचा धंदा आहे. नाव तिचे आहे.