नुसती हजेरी पुरेशी नाही



हजेरीपटावर 'हजर' असलेला प्रत्येक मुलगा धड्यात असतोच असे नाही, हे आम्ही शिक्षक जाणतो. मनाच्या उपचाराचेही तसेच आहे. माझा एक माजी विद्यार्थी दर आठवड्याला डॉक्टरांकडे जाई. वडील विचारत, "गेला होतास ना?" तो "हो" म्हणे. पण तेथे तो गप्प बसे. गोळ्या खिशातच राहत. घरच्यांनी फेऱ्या मोजल्या. मीही तेवढेच विचारले. पुढे त्याने जाणेच सोडले आणि कॉलेजचे वर्ष बुडाले.

मग मोजायचे काय? तो मोकळेपणी बोलतो का? औषध वेळेवर घेतो का? सांगितलेला सराव करतो का? उपचाराचा आपल्याला उपयोग होतो असे त्याला वाटते का? हे शेवटचे त्यालाच विचारावे, दरडावून नव्हे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून आढळले. म्हणूनच दारापर्यंत पोचलेला तरुण परत फिरता कामा नये. दुआ जरूर करा, दवाही चालू ठेवा. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

आणि मुलांनो, डॉक्टरांचे पटले नाही तर तसे त्यांना सांगा. मुकाट्याने उपचार सोडू नका.