मंत्रचळ : उपाय आहे, तो मागून घ्यावा लागतो



आजचा विषय व्यासपीठावरून सहसा बोलला जात नाही. घरात तो असतो, पण दार लावून. आपल्या भाषेत त्याला जुना शब्द आहे, 'मंत्रचळ'. मंत्र जपताना चूक झाली की जपणाऱ्याला चळ लागतो, अशी समजूत त्या शब्दामागे आहे. डॉक्टर त्यालाच 'ओसीडी' म्हणतात. नाव कोणतेही घ्या. शंभरांत एकदोघांना हा विकार आयुष्यात केव्हातरी गाठतो. तेव्हा या मंडपातही त्याची ओळख असलेली घरे असणारच.

आमच्या घरी तो होता. धाकट्या बहिणीच्या संमतीनेच हे सांगतो आहोत. विसाव्या वर्षापासून तिचे हात धुणे वाढत गेले. इतके की हातांची साले निघू लागली. आम्ही आधी कौतुक केले, पोर सोवळ्याची आहे म्हणून. मग रागावलो. मग उपाय सुरू झाले. अंगारा झाला, नवस झाला. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी लग्न उरकून टाकण्याचा सल्ला दिला, तिसऱ्यांनी महिनोन्‌महिने तिचे लहानपण उकरून काढले. हेतू कोणाचाही वाईट नव्हता. पण आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार झाला. त्यात नऊ वर्षे गेली.

ती नऊ वर्षे का गेली, हे समजण्यासाठी विकाराची चाल पाहिली पाहिजे. टापटिपीची आवड म्हणजे मंत्रचळ नव्हे. इथे आधी एक नकोसा विचार मनात घुसतो : हाताला घाण लागली, कुलूप उघडे राहिले, माझ्या हातून बाळाला इजा होईल, देवापुढे अभद्र शब्द तोंडातून निघेल. त्याने जीव घाबरा होतो. तो शांत करायला माणूस काही कृती करतो : धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात जप करतो. घटकाभर बरे वाटते. पण ते बरे वाटणेच घातक. खाजेला खाजवण्यासारखे ते आहे. दर वेळी सुख आणि दर वेळी जखम खोल. बहुतेकांना आपण करतो ते व्यर्थ आहे हे कळत असते. म्हणूनच समजावून सांगण्याने काही होत नाही.

आणि ते विचार येणे हे पापही नव्हे. रॅकमन आणि डिसिल्व्हा या संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिले की असेच अभद्र विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात. फरक इतकाच की निरोगी माणूस ते सोडून देतो आणि रुग्ण त्यांना उत्तर देत बसतो.

मग ही गाठ सोडवली कोणी? लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६६ साली दोन जुनाट रुग्णांवर एक साधा, पण कठीण प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याची भीती, त्याला हात लावायचा आणि नंतरची कृती मात्र करायची नाही. परिचारिका सोबत राहून ती कृती होऊ देत नसत. भीती उसळली आणि काही न करताच ओसरली. पुढे अशा १५ रुग्णांपैकी १० जणांना उत्तम गुण आला, उरलेल्यांना थोडाफार. या पद्धतीला आज 'ईआरपी' म्हणतात. आता तिच्यात जबरदस्ती नसते. रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीची एक शिडी तयार करतात आणि खालच्या पायरीपासून चढतात.

आमच्या बहिणीची पहिली पायरी होती दाराची कडी. कडीला हात लावायचा आणि पाऊण तास हात धुवायचे नाहीत. ती रडली, आम्हीही रडलो. पण आठवड्याभरात तीच कडी तिला कडीसारखी दिसू लागली.

औषधांचेही साहाय्य आहे. क्लोमिप्रामिनला या विकारासाठी अमेरिकेत १९८९ साली मान्यता मिळाली. त्यानंतर फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन आदी औषधे आली. ती उदासीनतेच्या आजारापेक्षा बहुधा अधिक मात्रेत लागतात आणि पुरता गुण दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. तीन आठवड्यांत 'काही उपयोग नाही' म्हणून गोळी सोडणारे लोक इथेच फसतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन तुलनेत ईआरपीने १०० पैकी ६२, क्लोमिप्रामिनने ४२ आणि दोन्ही मिळून ७० जणांना गुण आला. नुसत्या साखरेच्या गोळीने ८ जणांना. सगळ्यांना येतो असे नाही. पण उपाय नाही असे म्हणायला आता जागा उरलेली नाही.

शेवटी घरच्यांविषयी. आमची बहीण विचारी, "आई, हात स्वच्छ झाले ना गं?" आई म्हणे, "झाले गं बाई." दिवसातून चाळीस वेळा. ती माया होती. पण ते उत्तर म्हणजे हात धुण्याचाच एक प्रकार होता, हे आम्हांला फार उशिरा कळले. पुढे आई म्हणू लागली, "याचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते." आईला ते किती जड गेले हे आम्ही पाहिले आहे.

म्हणून आपल्याला विनंती, उपचारकाकडे गेलात की संकोच न करता विचारा : ईआरपी आपण शिकला आहात का? भेटीत प्रत्यक्ष काय करवून घेता? घरी काय करायचे? घरच्यांना बोलावता का? नुसते बोलणे आणि धीर देणे एवढेच असेल, तर नम्रपणे दुसरे दार ठोठावा. बंगळूरच्या 'निम्हान्स'मध्ये या विकारासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. कोठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

आमची बहीण आज नोकरी करते. विचार अजूनही अधूनमधून येतात. ती त्यांना येऊ देते, जाऊ देते. आम्हांला तेवढे पुष्कळ आहे. नऊ वर्षे मात्र परत मिळत नाहीत. आपल्यापैकी कोणाची तितकी जाऊ नयेत, एवढ्यासाठीच आज इथे उभे राहिलो.